उद्यमचा कागद आणि गटाराचं टेंडर: लहान कंत्राटदाराला सवलत नेमकी कुठं मिळते?

"उद्यम काढलंय की आम्ही. मग ईएमडी कशाला भरायची?"

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात टेंडर भरून देणाऱ्या कुठल्याही टेबलापाशी तासभर बसा, हा प्रश्न कानावर येतोच. उद्यम म्हणजे लघुउद्योगाची केंद्र सरकारकडची नोंदणी आणि ईएमडी म्हणजे टेंडरसोबत ठेवायची बयाणा रक्कम. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. लघुउद्योगांना सरकारी खरेदीत प्राधान्य आहे, बयाणा रक्कम माफ आहे, टेंडरचा फॉर्म फुकट आहे, हे त्यानं मोबाईलवर ऐकलेलं असतं आणि ते खरंही आहे. फक्त ते ज्या कामाला लागू आहे, ते काम त्याचं नसतं. गटार, काँक्रीट रस्ता, शाळेची खोली, समाजमंदिर ही सगळी बांधकामं. तिथं टेंडरात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच बयाणा माफ होतो, नुसत्या उद्यमच्या जोरावर नाही. कागद न वाचता शून्य बयाणा भरून टेंडर टाकलं, तर पात्रतेच्या कागदांचं पहिलं पाकीट उघडल्याबरोबर ते बाजूला पडतं आणि दर किती भरला होता हे कुणी बघतसुद्धा नाही.

म्हणून आधी हे प्राधान्य आलं कुठून ते पाहू.

केंद्र सरकारनं २०१२ साली सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. १ एप्रिल २०१५ पासून तो केंद्राची मंत्रालयं, खाती आणि केंद्रीय सार्वजनिक कंपन्यांना बंधनकारक झाला. आज त्यातलं प्रमाण असं आहे: वर्षभराच्या खरेदीतला किमान २५ टक्के माल किंवा सेवा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायची, त्या २५ मधले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांचे आणि ३ टक्के महिलांचे. ३५८ वस्तू तर फक्त लघुउद्योगांकडूनच घ्यायच्या.

या आदेशात दोन गोष्टी नीट बघायच्या. तो केंद्राच्या खात्यांना बांधील करतो. बेळगाव महानगरपालिका, जिल्हा पंचायत किंवा राज्याचं बांधकाम खातं त्यानं बांधलं जात नाही. आणि तो माल व सेवांसाठी आहे. बांधकामाचं कंत्राट या धोरणात बसत नाही, हे केंद्रानं खुलासा करून सांगितलं आहे आणि न्यायालयांनीही तसंच धरलं आहे. शिवाय दुसऱ्याकडून माल घेऊन नुसता विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते खरी, पण ती बँकेच्या कर्जापुरती. खरेदीतलं प्राधान्य त्याला नाही.

मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एकाचा पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे असं समजा. केंद्राच्या एका कंपनीला एक लाख पेव्हर हवेत आणि तिनं टेंडर काढलं. एका मोठ्या कंपनीनं नगाला ४० रुपये भरले, ती सर्वांत कमी. आपल्या मच्छेवाल्यानं ४५ भरले. एरवी तो बाद. पण सर्वांत कमी दराच्या वर १५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४६ रुपयांपर्यंत, ज्या लघुउद्योगाचा दर आहे त्याला विचारावं लागतं: ४० ला देतोस का? तो हो म्हणाला तर त्याला किमान चौथा हिस्सा, म्हणजे २५ हजार पेव्हरची ऑर्डर मिळते. अट एकच, सर्वांत कमी दर भरणारा स्वतः लघुउद्योग नसला पाहिजे. याला बयाणाही भरावा लागत नाही.

आता तोच माणूस, तेच पेव्हर. फक्त टेंडर निघालं ते 'पेव्हर बसवून फूटपाथ तयार करणे' या नावानं. खुदाई, खालचा मुरूम, वाळूचा थर, कर्बिंग, मजुरी सगळं एकत्र. हे झालं बांधकाम. इथं ४६ ची सवलत नाही, ४० ला उतरण्याची संधी नाही, चौथा हिस्सा नाही. ज्याचा दर कमी त्याला सगळं काम. आमच्याकडं उद्यमबाग, मच्छे, नावगे, होनगा भागात असे कितीतरी कारखानदार आहेत जे माल बनवतातही आणि कामं घेतातही. त्यांनी दोन्ही धंद्यांचे कागद वेगळे ठेवलेले बरे. मालाच्या टेंडरात कारखानदार म्हणून उतरा, कामाच्या टेंडरात कंत्राटदार म्हणून.

उद्यमची मर्यादा कमी पडेल ही भीती मात्र सोडून द्या. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत, लघु उद्योगासाठी २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत. गल्लीतला कंत्राटदार यात आरामात बसतो. पण बसून उपयोग किती, ते वर सांगितलंच.

कुणाचं दार ठोठावतोय?

बेळगावात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त पडतो, कारण इथं दारं बरीच आहेत. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र इथं, त्यामुळं लष्कराच्या बांधकाम विभागाची, म्हणजे एमईएसची कामं इथं. रेल्वे इथं. हे झालं केंद्राचं दार. महानगरपालिका, जिल्हा पंचायत, राज्याचं बांधकाम खातं, पाटबंधाऱ्याचं नीरावरी निगम हे राज्याचं दार. आणि चंदगड, गडहिंग्लज तासाभराच्या अंतरावर, ते महाराष्ट्राचं, तिसरं दार.

तिसऱ्या दाराबद्दल जरा सविस्तर, कारण गैरसमज सगळ्यात जास्त तिथंच आहे. महाराष्ट्रात लहान कामांतला हिस्सा सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि मजूर सहकारी संस्थांना राखून ठेवायची पद्धत जुनी आहे. निपाणीचा सिव्हिल झालेला पोरगा गडहिंग्लजच्या मावसभावाकडून हे ऐकतो आणि चिकोडीच्या ऑफिसात जाऊन विचारतो, "साहेब, बेरोजगार अभियंत्याची कामं कुठं लागतात?" साहेब त्याच्याकडं नुसते बघत राहतात. ती योजना महाराष्ट्र शासनाची, तिथल्या नोंदणीची, तिथल्या रहिवाशाची. तसंच जातीच्या दाखल्याचं. कर्नाटकातल्या राखीव कामासाठी कर्नाटकाचाच दाखला लागतो. आजोळ कोल्हापूरचं आहे आणि मामाच्या घरी कुणबी दाखला निघालाय, यानं इथं काही होत नाही.

राज्याच्या दारामागचा कायदा

कर्नाटकात सरकारी खरेदीचा कायदा १९९९ चा. नाव लांबलचक आहे, कार्यालयात सगळे त्याला केटीपीपी म्हणतात. त्याचा गाभा सोपा: सरकारी पैशानं काही घ्यायचं किंवा बांधायचं असेल तर टेंडर काढा, सगळ्यांना कळवा, ठरलेल्या निकषावरच निवडा. टेंडरं आता राज्याच्या खरेदी पोर्टलवर निघतात आणि तिथंच भरावी लागतात. डिजिटल सहीशिवाय पान उघडत नाही.

कायद्यात अपवाद आहेत आणि लहान माणसाचं नशीब बरंचसं त्या अपवादांत अडकलेलं असतं. पाच लाखांपर्यंतची बांधकामं कलम ४ खाली टेंडरच्या सक्तीतून सुटतात. म्हणून गावातलं १२ लाखांचं गटार कधीकधी तीन तुकड्यांत वाहताना दिसतं. मर्यादा चुकवायला काम तोडणं नियमाला धरून नाही, आणि लेखापरीक्षणात पहिला शेरा यावरच येतो. नैसर्गिक आपत्तीत तातडीची कामं टेंडरविना देता येतात. २०१९ च्या पुरानंतर या भागात त्याचा अर्थ सगळ्यांना कळला.

दुसरा अपवाद जास्त बोचणारा आहे. कलम ४ मधल्या जी पोटकलमाखाली सरकार अधिसूचना काढून एखाद्या संस्थेला थेट काम देऊ शकतं. केआरआयडीएल, म्हणजे पूर्वीचं लँड आर्मी, किंवा निर्मिती केंद्र अशा सरकारी संस्थांना या वाटेनं कामं जातात. पुढं ती संस्था कुणाकडून करून घेते, हे पुन्हा वेगळंच प्रकरण. स्थानिक कंत्राटदाराला मात्र आपल्या गल्लीतला रस्ता कधी मंजूर झाला आणि कधी सुरू झाला याचा पत्ता लागत नाही, कारण टेंडर निघालेलंच नसतं. गरज म्हणून ठेवलेली ही फट सवय होऊन बसली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट अपवादात येत नाही, पण परिणाम तोच: पॅकेज. सहा वॉर्डांतली वीस-वीस लाखांची कामं एकत्र बांधून १ कोटी २० लाखांचं एक टेंडर काढायचं. कागदावर स्पर्धा खुली, पण तेवढ्या उलाढालीचा माणूस गावात एखादाच. लहान कंत्राटदाराला कायद्यानं मिळणारं खरं संरक्षण म्हणजे कामाचा आकार लहान असणं, आणि पॅकेज नेमकं त्यावरच घाव घालतं.

टेंडर भरायला मुदत किती द्यायची, तेही नियमात ठरलंय. दोन कोटींच्या वरच्या कामाला जास्त दिवस, खालच्याला कमी. त्याहून कमी दिवस द्यायचे तर वरच्या अधिकाऱ्यानं लेखी कारण नोंदवावं लागतं. सात दिवसांची टेंडरं दिसली की ते कारण माहितीच्या अधिकारात मागता येतं. बरेच जण मागत नाहीत, उद्या याच साहेबाकडं बिल न्यायचंय म्हणून.

राखीव कामं कुणाची?

कर्नाटकात बांधकामांतलं आरक्षण सामाजिक प्रवर्गावर आहे, उद्योग लहान की मोठा यावर नाही. कामांच्या संख्येतली १७.१५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि ६.९५ टक्के अनुसूचित जमातींच्या कंत्राटदारांना राखीव असतात. आधी ही सोय ५० लाखांपर्यंतच्या कामांना होती, २०२३ मध्ये ती एक कोटीपर्यंत नेली. मागासवर्गीयांपैकी प्रवर्ग १ ला ४ टक्के आणि २ ए ला १५ टक्के. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळानं मर्यादा दोन कोटींवर नेणारं आणि २ बी प्रवर्गाला ४ टक्के देणारं विधेयक मंजूर केलं, पण राज्यपालांनी ते राष्ट्रपतींकडं पाठवलं. तेव्हा चर्चेतला आकडा धरून चालू नका. समोरच्या टेंडर नोटिशीत काम कुठल्या प्रवर्गाला ठेवलंय ते लिहिलेलं असतं, तेवढंच खरं.

आता आपल्या भागातली गोम. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३ बी प्रवर्गात आहे. २ ए मध्ये घ्यावं ही मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. कंत्राटांच्या आरक्षणात ३ बी नाही. म्हणजे बेळगाव, खानापूर पट्ट्यातल्या मराठा कंत्राटदाराला, तो कितीही लहान असला तरी, एकही काम राखीव नाही. त्याच गल्लीतल्या अनुसूचित जातीच्या कंत्राटदाराला मात्र हक्काची कामं आहेत, आणि ती त्यानं स्वतः करावीत हा कायद्याचा हेतू आहे. दाखला याचा, मशीन आणि पैसा त्याचा, असा व्यवहार सर्रास ऐकू येतो. त्यात दाखलेवाल्याच्या हाती दोन-तीन टक्के पडतात आणि काम बिघडलं की काळ्या यादीत नावही त्याचंच जातं. असल्या फंदात पडू नये, दोघांनीही.

पहिलं पाकीट

मोठ्या टेंडरात दोन पाकिटं असतात. पहिल्यात पात्रता, दुसऱ्यात दर. पहिलं पास झालं तरच दुसरं उघडतं. पात्रतेत नोंदणीचा वर्ग, मागची उलाढाल, तशाच प्रकारचं केलेलं काम, यंत्रसामग्री हे सगळं येतं. पण चांगले चांगले कंत्राटदार जिथं अडकतात ती जागा म्हणजे टेंडर क्षमता.

तिचं सूत्र टेंडरातच दिलेलं असतं. मागच्या पाच वर्षांतलं सर्वांत जास्त कामाचं एक वर्ष घ्या. त्याला नव्या कामाच्या मुदतीनं गुणा, मुदत वर्षांत. त्याला टेंडरात दिलेल्या गुणकानं गुणा, दीड वगैरे. त्यातून हातातली अपुरी कामं वजा करा.

समजा चांगल्या वर्षी तुम्ही ४० लाखांची कामं केलीत. नवं काम सहा महिन्यांचं, म्हणजे अर्धं वर्ष. गुणक दीड. ४० गुणिले अर्धा गुणिले दीड, झाले ३० लाख. हातात १२ लाखांचं काम अजून शिल्लक आहे. उरली क्षमता १८ लाख. समोरचं टेंडर २५ लाखांचं असेल तर तुम्ही अपात्र, मग तुमच्याकडं दोन मिक्सर आणि जेसीबी का असेना. कित्येकांचं शिल्लक काम प्रत्यक्षात संपलेलं असतं, फक्त पूर्णत्वाचा दाखला आणलेला नसतो, आणि ते १२ लाख उगीच वजा होत राहतात. काम संपलं की त्याच आठवड्यात दाखल्याचा अर्ज द्या.

दुसऱ्या पाकिटातला रोग म्हणजे बिलो, इस्टिमेटपेक्षा कमी दर. "अण्णा, अठरा टक्के बिलो गेलं टेंडर!" असं कौतुकानं सांगितलं जातं. दर इतका खाली असेल की त्यात काम होणं शक्य दिसत नाही, तेव्हा कार्यालय दराचं पृथक्करण मागू शकतं आणि जादा सुरक्षा ठेव भरायला लावू शकतं. ही ठेव काम संपेपर्यंत अडकते. खडी, एम-सँड आणि डांबराचे आजचे भाव पाहता इस्टिमेटच्या खाली फार जायला जागा उरत नाही, आणि जो जातो तो सिमेंटमध्येच वसूल करतो हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

वर्कऑर्डर

एप्रिल २०२२ मध्ये बेळगावच्या एका कंत्राटदाराचा उडुपीत मृत्यू झाला आणि हिंडलगा गावातल्या कामांचा विषय देशभर गाजला. यात्रेआधी गावातले रस्ते, गटारं अशी सुमारे चार कोटींची कामं तोंडी सांगण्यावरून केली, वर्कऑर्डर, म्हणजे काम सुरू करायचा लेखी आदेश, नव्हती, बिल निघालं नाही, आणि वर टक्केवारी मागितली, असा त्यांचा आरोप होता. खात्याचं म्हणणं होतं की आदेशच नव्हता तर बिल कसलं. तेव्हाच्या ग्रामविकास मंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढं पोलिसांच्या अंतिम अहवालात त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचं नमूद झालं.

राजकारण बाजूला ठेवून नियमाकडं बघितलं तर गोष्ट अशी आहे. टेंडर मंजूर झालं, स्वीकृतीचं पत्र आलं, ठेव भरली, करारावर सही झाली, मग वर्कऑर्डर. तिच्याआधी टाकलेली खडीची गाडी ही तुमची खासगी देणगी. पुढारी म्हणतील, "सुरू कर रे, कागद मागनं होतील." यात्रा, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, कारण काहीही असेल. कागद मागनं होत नाहीत. आणि कुणाचा तोंडी आदेश होता हे सिद्ध करायची वेळ येते तेव्हा आदेश देणारा फोन उचलत नाही.

वर्कऑर्डरनंतरचा दुसरा कागद म्हणजे एमबी, मोजमाप पुस्तक. बिल एमबीवर निघतं. गटाराचा तळ बेड काँक्रीटनं झाकण्याआधी, पाया भरण्याआधी जेईंना, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला, बोलवून मोजमाप नोंदवून घ्या. झाकलेलं काम पुन्हा मोजता येत नाही. इस्टिमेटपेक्षा जास्त खोदावं लागलं, मध्येच खडक लागला, तर त्याच दिवशी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्या, ते लवकर हलतं. मराठीचा हक्क हा वेगळा लढा आहे, त्यासाठी आपलं बिल अडकवून घेऊ नका.

बिलातून काय कापलं जातं

बिल हातात आलं की पहिला प्रश्न, "एवढे कापले कसे?" दहा लाखांच्या कामावर जीएसटी वेगळा धरला तर १८ टक्क्यांनी बिल ११ लाख ८० हजारांचं. (सरकारी कामांवर पूर्वी १२ टक्के होता, १८ जुलै २०२२ पासून १८ झाला.) यातून आयकराचा टीडीएस, मालक एकटा असेल तर १ टक्का, १० हजार. कंत्राट अडीच लाखांच्या वर म्हणून जीएसटीचा टीडीएस २ टक्के, २० हजार. बांधकाम कामगार कल्याणाचा सेस १ टक्का, १० हजार. करारात ५ टक्के ठेव धरलेली असेल तर ५० हजार. एकूण ९० हजार कापले.

यातले खरे गेले फक्त सेसचे १० हजार. आयकराचे १० हजार रिटर्नमध्ये वळते होतात, जीएसटीचे २० हजार तुमच्या कॅश लेजरमध्ये येतात, ठेवीचे ५० हजार दोषदायित्वाचा काळ, म्हणजे बिघाड तुम्हीच दुरुस्त करून द्यायचा काळ, संपल्यावर परत मिळतात. पण जीएसटी पोर्टलवर तो टीडीएस स्वीकारावा लागतो, आणि ठेवीसाठी अर्ज करावा लागतो. आपोआप काही येत नाही. वाळू-खडीच्या रॉयल्टीचं तसंच. परवान्याच्या पावत्या जोडल्या नाहीत तर ती बिलातून कापली जाते, म्हणजे खाणवाल्याला एकदा दिलेली रॉयल्टी पुन्हा एकदा तुम्हीच भरता. टेंडर भरतानाच दर जीएसटीसह आहेत की वगळून, हे बघा. या एका ओळीवर १८ टक्क्यांचा फरक आहे.

बिल थकलं तर? इथं पुन्हा उद्यमचा कागद पुढं येतो. २००६ च्या कायद्यात लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, अशी तरतूद आहे. माल पुरवणाऱ्याला ती खरंच कामाची आहे. बांधकामाच्या कंत्राटाला मात्र हा कायदा लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयासह काही न्यायालयांनी म्हटलं आहे. तेव्हा रस्त्याच्या बिलासाठी फक्त त्याच्यावर विसंबू नका. करारातलं देयकाचं आणि तंट्याचं कलम काढा आणि त्यानुसार नोटीस द्या.

टेंडर चुकीच्या कारणानं नाकारलं गेलं असेल तर केटीपीपीच्या कलम १६ खाली अपील करता येतं. मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवस. नाकारल्याचं कारण पोर्टलवर दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह त्याच दिवशी काढून ठेवा आणि अपिलाच्या अर्जाला जोडा.